सिलिंडरवरचा खडू

नागपुरात गांधीबागेच्या मागच्या गल्लीतल्या एका रद्दीच्या दुकानात मध्यंतरी एक गठ्ठा दिसला, तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठे यांचे वेगवेगळे ढीग, आणि मधेच चकचकीत जाड कागदाची शंभरेक कार्डं. आत्ताच प्रेसमधून आल्यासारखी, एकावर एक नीट बसलेली. कडेने सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात मास्क लावलेल्या डॉक्टरचं चित्र, मधोमध ठळक अक्षरांत ‘कोविड योद्धा सन्मानपत्र’. खाली छापील सही. नावाच्या जागी टिंबांची ओळ, कोरीच. दुकानदाराने ती रद्दीत मिसळली नव्हती. ‘‘हे येगळं ठेवतो जी,’’ तो म्हणाला. ‘‘जाड आहे. पेपरच्या गठ्ठ्याले खालून-वरून लावाले कामी पडते. मंग सुतळीनं कागद कापत नाही.’’

सन्मानपत्रं उरतात, त्यात विशेष काही नाही. कुठल्याही समारंभासाठी चार जास्तच छापून घेतात. खटकलं ते दुसरंच. टिंबांच्या ओळीपुढे मजकूर होता: ‘यांनी कोरोना महामारीच्या काळात जिवाची पर्वा न करता बजावलेल्या बहुमोल सेवेबद्दल’. नाव लिहायला जागा होती. काम लिहायला जागाच सोडलेली नव्हती.

मग त्या जागेत काय लिहिलं असतं?

मॅनिफोल्ड रूमपासून, म्हणजे सिलिंडरमधला ऑक्सिजन वॉर्डांच्या पाइपलाइनला जोडणाऱ्या खोलीपासून सुरुवात करू. ही खोली बहुतेक दवाखान्यांत मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी, पत्र्याखाली असते. नातेवाइकांना ती कधी दिसत नाही. भिंतीशी साखळीने बांधलेले जम्बो सिलिंडर दोन रांगांत उभे असतात, एक रांग चालू आणि दुसरी तयार. काळं अंग, पांढरी मान. एकात ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन, दीडशे किलोच्या दाबाने भरलेला. एरवी एखाद्या वॉर्डात पाच-सहा जणांना मिनिटाला दोन-चार लिटर लागतो; दहा सिलिंडरची एक रांग अडीच-तीन दिवस पुरते. एप्रिल २०२१मध्ये त्याच वॉर्डात चाळीस जण आणि प्रत्येकाला सरासरी १० लिटर धरा. मिनिटाला ४०० लिटर झाले. दहा सिलिंडरचे ७०,००० लिटर तीन तास भरायच्या आत संपतात. त्या चाळिसांतला एखादा रुग्ण हाय फ्लोवर, म्हणजे जोराने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटरवर गेला की तो एकटाच दोन तासांत एक अख्खा जम्बो संपवतो. हे गणित शहरात सगळ्यांत नेमकं कोणाला येत होतं, तर त्या पत्र्याखाली पाना घेऊन उभ्या असलेल्या कंत्राटी पोरांना.

सिलिंडर बदलणं बघायला सोपं वाटतं. पन्नास-साठ किलोचा तो लोखंडी खांब उचलत नाहीत, तिरका करून बुडाच्या कडेवर गाडीच्या स्टिअरिंगसारखा फिरवत नेतात. एक हात टोपणावर, दुसरा अंगावर. घामाने हात निसटला की तो थेट पायाच्या बोटांवर येतो, आणि त्या खोलीत बहुतेकांच्या पायांत चप्पल असे. रिकाम्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. तो पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नसतो. आत थोडा दाब शिल्लक ठेवायचा, नाहीतर बाहेरची दमट हवा शिरते. मग जोडातला दाब सोडायचा, नट सैल करायचा, नवा सिलिंडर लावण्याआधी त्याचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडावरची धूळ उडवायची, वॉशर तपासायचा आणि मगच पाना फिरवायचा. वॉशर दबून चपटा झाला असेल तर कितीही आवळलं तरी सू-सू थांबत नाही. साबणाचं पाणी लावलं की तिथे फेसाचा फुगा येतो. दहापैकी तीन जोड असे गळत असतील तर रांग वेळेआधीच संपते, आणि कुणाला कळतही नाही की हवेत गेलं काय. त्या दिवसांत वॉशरसुद्धा मिळेनासे झाले होते.

व्हॉल्व्ह उघडायचा तो सावकाश. एकदम उघडला तर दाबाने नळीतला वायू क्षणात तापतो, आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेला-ग्रीसचा थेंब पेटायला ठिणगीही लागत नाही. म्हणून तेलकट हाताने रेग्युलेटरला शिवायचं नाही. पण साथीत दर पाच मिनिटांनी हातांवर सॅनिटायझर पडत होता, आणि तोही पेट घेणाराच. म्हणजे हात पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं, मग पाना धरायचा. वरच्या मजल्यावरून ‘प्रेशर पडलं, प्रेशर पडलं’ असा फोन येत असताना ही पंधरा-वीस सेकंदं थांबणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करावी. पाइपलाइनमध्ये साधारण चार किलोचा दाब राखावा लागतो. तो उतरला की सगळ्यांना सारखाच कमी मिळतो असं नाही. लाइनच्या शेवटच्या टोकाच्या खाटेला आधी कळतं. तिथल्या सिस्टरला फ्लोमीटरमधली गोळी हळूहळू खाली येताना दिसते, आणि बायपॅप, म्हणजे श्वासाला जोर देणारं यंत्र, ओरडायला लागतं.

लावल्याची वेळ सिलिंडरवर खडूने लिहायची. काळ्या अंगावर पांढरा खडू लांबून दिसतो. ‘११.४०’, ‘२.१५’, ‘४.५०’.

जिथे द्रवरूप ऑक्सिजनची टाकी होती तिथली अडचण अजून वेगळी. टाकीत द्रव उणे १८३ अंशांवर असतो. एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो, पण तो व्हायला उष्णता लागते. ती उष्णता हवेतून खेचायला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा उंच सांगाडा असतो, व्हेपोरायझर. नेहमीच्या मागणीला तो पुरतो. मागणी दुप्पट-तिप्पट झाली की पात्यांवर बर्फ जमतो, बर्फ उष्णता अडवतो, वायू कमी तयार होतो, आणि दाब नेमका लागतो तेव्हाच उतरतो. नागपूरचा उन्हाळा, झाडाचं पानही हलत नाही अशी दुपार, आणि त्या उन्हात हा माणसापेक्षा उंच सांगाडा तळापासून पांढराफट्ट. त्यावर उपाय एकच, पाण्याची नळी. तासन् तास साधं पाणी मारत राहायचं. नळी धरलेल्या माणसाकडे पाहून कुणालाही वाटावं, हा झाडांना पाणी घालतोय. बर्फाला तडा गेला की बारीक काडी मोडल्यासारखा आवाज येतो, मग पात्यापात्याची चकती सुटून खाली चिखलात पडते. रात्री तीन वाजताही हे काम थांबवता येत नव्हतं. नळी धरणाऱ्याचं पद कोणतं? बागकाम? प्लंबर? शिपाई? सन्मानपत्राच्या यादीत त्याला कोणत्या रकान्यात घालायचं, हे कुणाला ठरवता आलं नसेल तर नवल नाही.

२३ एप्रिल २०२१च्या संध्याकाळी विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपुरात पोचली. सात टँकरपैकी तीन इथे उतरवले आणि चार नाशिककडे गेले. त्या रात्री टीव्हीवर रेल्वेचं इंजिन दिसलं, हार-फुलं दिसली. त्यामागचं फूटपट्टीचं काम दिसलं नाही. मालगाडीच्या सपाट वाघिणीची उंची १,२९० मिलिमीटर. तिच्यावर उभा केलेला टँकर वरच्या विजेच्या तारेखालून, बोगद्यांतून आणि पुलांखालून जायला हवा. बरेच टँकर मोजून बाद झाले, आणि ३,३२० मिलिमीटर उंचीचं एक मॉडेल बसलं. घाटात ही उंची चालत नव्हती, म्हणून कळंबोलीहून रिकामे टँकर लांबच्या वाटेने गेले: वसई, सुरत, भुसावळ, नागपूर आणि पुढे विशाखापट्टणम. अठराशे पन्नास किलोमीटरहून जास्त, सुमारे पन्नास तास. कोणीतरी यार्डात टेप घेऊन एकेका टँकरच्या डोक्यावर चढला असेल. त्याने एक आकडा चुकीचा वाचला असता तर?

आशाताईंचं, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांचं काम याच्या अगदी उलट. तिथे ना यंत्र ना टाकी, फक्त दार. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी मोजायची होती. पण वस्त्यांतलं सर्वेक्षण त्याच्या कितीतरी आधी, एप्रिल-मेच्या उन्हात, सतरंजीपुरा-मोमिनपुऱ्यासारख्या बंद केलेल्या भागांत सुरू झालं होतं. कपाळाला बंदूक लावल्यासारखा तो थर्मामीटर नागपुरात मे महिन्यात कसा वापरायचा, हे कोणत्याही माहितीपत्रकात नव्हतं. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळच तापलेलं असतं. त्याला ताप नसतानाही आकडा १००च्या वर जातो. उलट घामावरून हवा गेली की कपाळ गार होतं आणि खरा ताप लपतो. शिवाय थर्मामीटर स्वतः पिशवीत तापला की आकडे सगळेच भरकटतात. मग बायांनी आपली रीत बसवली: माणसाला सावलीत, ओसरीवर दहा मिनिटं बसवायचं, घाम टिपायचा, तोवर नावं-वयं लिहून घ्यायची, म्हाताऱ्यांची बीपी-शुगर विचारायची, आणि शेवटी मोजायचं. थर्मामीटर ओल्या रुमालात नव्हे, कोरड्या रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायचा. ऑक्सिमीटरचंही तसंच. नेलपॉलिश असेल तर आकडा खोटा, मेंदी असेल तर शंका, भांडी घासून बोटं गार पडली असतील तर चुकीचाच. बोट घातल्या-घातल्या दिसणारा आकडा लिहायचा नाही. अर्धा-एक मिनिट थांबून स्थिरावलेला लिहायचा. आणि ९४च्या खाली आला तर चेहरा बदलू द्यायचा नाही.

ही शेवटची गोष्ट सगळ्यांत कठीण. कारण दार उघडणाऱ्याचं सगळं लक्ष ताईच्या डोळ्यांकडे असे. आकडा कमी निघाला तर गाडी येणार, विलगीकरणासाठी आमदार निवासात किंवा कुठल्याशा होस्टेलात नेणार, गल्ली बघणार. म्हणून दारं लावली जायची. आतून टीव्हीचा आवाज येतोय आणि बाहेर ‘घरी कोणी नाही’. त्याच दारांतून २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या होत्या, आणि त्या मनापासून वाजल्या होत्या, याबद्दल शंका नाही. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, २२ एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला तुरुंगात टाकण्यासाठी केंद्राला वटहुकूम काढावा लागला. थाळी वाजवणारा हात आणि नर्सला खोली रिकामी करायला सांगणारा हात वेगळ्या माणसांचे होते असं मानलं तर बरं वाटतं. पण भीती काही माणसं वाटून घेत नाही. एकाच घरात दोन्ही असू शकतं. आशाताईंना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या दार लावणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. त्यानंतर अकरा महिन्यांनी, मे २०२२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यातल्या आहेत.

वॉर्डातल्या मावशींबद्दल लिहिताना हात थोडा थांबतो, कारण त्यांच्या कामाकडे पाहायची कुणाचीच तयारी नसते. पाच टक्क्यांच्या हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा एक भाग, पाण्याचे चार, की एक टक्क्याचं द्रावण होतं. ते रोज ताजं करायचं, कालचं उतरलेलं असतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर लवकरच उतरतं. फरशीवर टाकून लगेच पुसायचं नाही, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. खाटेच्या लोखंडाला ते लावलं तर गंज धरतो, म्हणून तिथे स्पिरिट. बंद वॉर्डात हायपोक्लोराइटचा वास मास्कमधून घशात उतरतो, डोळ्यांना पाणी येतं, आणि गॉगलमुळे ते पुसता येत नाही. बाहेर पारा ४५ला टेकलेला, आत संसर्ग पसरू नये म्हणून कूलर बंद, अंगात प्लॅस्टिकसारखा कव्हरऑल. सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. किट काढताना घाम बाहीतून धारेने ओघळत असे.

आणि धोका तिथेच, काढताना. घालताना माणूस ताजा असतो, आरशात बघून चुका सुधारतो. काढताना त्याला फक्त पाणी हवं असतं. बाहेरचे हातमोजे आधी. मग कव्हरऑल खांद्यावरून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली, बुटांच्या कव्हरांसकट. मग गॉगल, मागच्या पट्टीला धरून. आणि मास्क सगळ्यांत शेवटी, खालची पट्टी आधी, वरची नंतर, समोरच्या बाजूला हात न लावता. दर पायरीला हात चोळायचे. सहा तासांची तहान लागलेली असताना प्रत्येक पायरीला वीस सेकंदं. घाईत मास्क आधी ओढला की झालं.

त्यांनीच गेलेल्यांची बांधाबांध केली. त्यातली एकच गोष्ट सांगतो. नावाच्या दोन चिठ्ठ्या लागतात, एक अंगावर, एक पिशवीवर. पिशवीवर बाहेरून हायपोक्लोराइट फवारायचं असतं आणि त्याने पेनची शाई उडते. आधी नाव लिहून मग फवारलं तर पंधरा मिनिटांत तिथे निळसर डाग उरतो, आणि मोक्षधामच्या किंवा मानेवाड्याच्या स्मशानघाटावर गाडी उभी राहते तेव्हा कुणाचं कोण ते सांगता येत नाही. म्हणून चिठ्ठीवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी, कडा बोटाने दाबून घट्ट, मग फवारा. जिथे हे पाळलं तिथे घाटावर माणसाला आपलाच माणूस मिळाला. चितेला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं. ते रचणाऱ्यांना एप्रिल २०२१मध्ये शेजारच्या चितेची धग पाठीवर घेऊनच पुढची रचावी लागली.

पांजरी टोलनाक्यावरचे स्वयंसेवक मे २०२०मध्ये एक वेगळंच शास्त्र शिकले. हैदराबादेकडून पायी येणाऱ्यांना पहिले काही दिवस खिचडी दिली. शंभर माणसांना दहा-अकरा किलो डाळ-तांदूळ. चांगली शिजवलेली, गरमागरम भरलेली, आणि तिथेच घोटाळा. गरम खिचडी डब्यात बंद केली की वाफेचं पाणी आतच गळतं, आणि त्या उन्हात चार तासांत ती आंबते. चालणारा माणूस भुकेला असूनही लगेच खात नाही. सावली सापडेपर्यंत, मुलं उठेपर्यंत जपून ठेवतो. म्हणून मग खिचडी फक्त तिथेच बसून खायला, आणि सोबत न्यायला कोरडं: फुटाणे, मुरमुरे, गूळ, बिस्किटं, निववून बांधलेल्या पोळ्या आणि लोणचं. प्यायला साखर-मिठाचं पाणी, एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चपला मोजून मागवल्या त्याही पायांत जाईनात, कारण शेकडो कोस चाललेला पाय सुजलेला असतो. पुढची खेप एक-एक नंबर मोठी आली.

एक-एक नंबर मोठी. सेवा, निष्ठा, त्याग हे शब्द खोटे नाहीत, पण ते सगळ्यांना एकाच मापाचे बसवले जातात. ज्याने वॉशर बदलला त्याला आणि ज्याने नुसतं उद्घाटन केलं त्यालाही. माणसाचा मान करायचा तर त्याने काय केलं ते आधी आपल्याला नीट सांगता यायला हवं, आणि ते कळून घ्यायला शाल-श्रीफळापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ आपण दिला नाही. पत्र्याखालच्या त्या पोरांपैकी अनेकांचं कंत्राट लाट ओसरली तसं संपलं, ते आता कुठे डिलिव्हरीच्या गाडीवर, कुठे बांधकामावर असतील. त्यांच्या कामाची लेखी नोंद एकच होती, सिलिंडरच्या काळ्या अंगावरची ती वेळ. आणि रिकामा सिलिंडर प्लांटवर भरायला गेला की दहा हातांच्या घामाने, ट्रकमधल्या घासण्याने ती पुसली जायची. परत यायचा तेव्हा अंग काळंभोर. पुन्हा खडू.

रद्दीवाल्याच्या पोराने गठ्ठा बांधायला घेतला. खाली एक कार्ड, वर एक कार्ड, छापील बाजू आत. गुडघा देऊन दाबलं, सुतळीचे दोन आडवे-उभे फेरे मारले, गाठ ओढली. एकही पान कापलं गेलं नाही. मग कानावरचा खडू काढून त्याने वरच्या कोऱ्या पाठीवर वजन लिहिलं. २० किलो.